दोन गाईंचं शेण

कातुंगीदादाच्या घरात भांडण व्हायचं ते शेणावरून. जमिनीवरून नाही, दुधावरून नाही, शेणावरून. आणि तेही माझ्यामार्फत, कारण आमच्याकडे सून सासऱ्याशी थेट बोलत नाही. सून स्वयंपाकघराच्या दाराआड, सासरा गोठ्यापुढच्या आगटीपाशी, आणि मधे मी, त्याची चुलत बहीण, शेजारच्या कुंपणातली विधवा, संध्याकाळचं दूध न्यायला आलेली.

"आत्या, त्यांना सांगा, गॅसच्या टाकीत आज शेणाची एकच पाटी पडलीय. घेवडा अर्धा कच्चा आहे आणि शेगडी फुरफुरायला लागलीय."

"केन्यांगी, तिला सांग, कच्च्या घेवड्यानं पोट दुखतं. आगटी विझली तर माणूस मरतो."

"आत्या, त्यांना सांगा, धुरानंही माणूस मरतो."

मी कुणालाच काही सांगत नसे. दोघांनाही एकमेकांचं लख्ख ऐकू येत होतं. मी आपली कासंडी पुढं करून उभी राहायची.

आमच्या घराण्यात गोठ्यापुढं वाळल्या शेणाची आगटी धुमसत ठेवतात. ज्वाळा नाही, नुसता धूर. संध्याकाळी गाई येऊन त्या धुरात उभ्या राहतात, माश्या पळतात. पण ती नुसती माश्यांसाठी नसते. ती घरधन्याची असते. तो जिवंत आहे तोवर ती विझायची नाही. तो गेला की पाणी ओतून विझवायची, आणि दुखवटा फिटला की वारसानं नवी पेटवायची. माझे काका, म्हणजे दादाचे वडील गेले, तेव्हा मी परकरातली पोर होते. विझलेल्या राखेभोवती गाई धूर शोधत हंबरत होत्या, ते मला अजून आठवतं. मग दादानं नवी आगटी पेटवली, आणि कालपर्यंत त्याला 'ए पोरा' म्हणणारे म्हातारे त्या धुरात उभे राहून त्याला 'घरधनी' म्हणाले. त्यानंतर ती कधी विझली नव्हती.

तेव्हा शेणाला तोटा नव्हता. आमच्या लांब शिंगांच्या गाई टेकडी उतरायला लागल्या की रस्ता अडायचा आणि गाडीवाले शिव्या द्यायचे. मग टेकड्यांना तारा लागल्या, ज्यानं त्यानं आपला तुकडा कुंपणात घातला, आणि चरायला वाट म्हणून उरली नाही. दादाचा मुलगा मुजुनी शहरात शिकून परत आला होता. त्यानं त्या गाई विकल्या आणि काळ्या-पांढऱ्या, रग्गड दूध देणाऱ्या पाच गाई आणून दावणीला बांधल्या. दादा त्यांना गाई म्हणत नसे. "बादल्यांना पाणी दाखवलं का रे?" असं विचारायचा. माझ्या नावाचा अर्थ बगळी, गाईंच्या पायांत फिरून किडे टिपणारी. त्यावरूनही तो मला सोडत नसे. "बगळे, गाई गेल्या, आता तू काय टिपणार?"

"तुझं डोकं," मी म्हणायची.

पाठोपाठ गोबरगॅस आला. अंगणात जमिनीत अर्धा गाडलेला सिमेंटचा घुमट. एका तोंडातून शेण-पाणी कालवून ओतायचं, दुसऱ्या तोंडातून मळी बाहेर येते ती केळींच्या बुडाशी घालायची, आणि डोक्यावरची नळी थेट स्वयंपाकघरात. कळ फिरवली की निळी ज्योत. काजळी नाही, फुंकणं नाही, डोळे चोळणं नाही. दादा एकदाच बघायला आला. दाराबाहेरूनच म्हणाला, "ही कसली आग? हिच्यापाशी बसून चार गोष्टी बोलता येतील का?"

पण सुनेला, कोबुरुंगाला, त्या शेगडीनं जीवदान दिलं होतं. ती डोंगरातल्या शेतकऱ्यांची मुलगी, कष्टाला वाघीण, पण ओल्या निलगिरीच्या धुरात तिची छाती कामातून गेली होती. बोलायला लागली की वाक्य पुरं व्हायच्या आत खोकल्याची उबळ यायची. डॉक्टरनं सांगितलं होतं, धूर तोडा, नाहीतर औषधं वाया. गॅस आल्यावर खोकला थांबला. एका सकाळी भांडी घासता घासता ती गात होती, मी कुंपणापलीकडून ऐकलं. म्हणून मला तिचा राग येत नाही. दादाचाही येत नाही. राग नेमका कुणाचा करायचा हेच कळत नाही, म्हणून मी सगळ्यांवरच खेकसते.

पाच गाई होत्या तोवर दोन्हींचं भागत होतं. मग गोचीडताप आला आणि बघता बघता तीन गाई गेल्या. दोन राहिल्या. टाकी बांधणाऱ्या गवंड्यानं आधीच बजावलं होतं, चार गाईंच्या खाली ही टाकी उपाशी राहील. आता दोन गाईंचं शेण एकाच पोटाला पुरायचं, टाकीच्या किंवा आगटीच्या. ते दोघांत वाटलं की घेवडा कच्चा राहायचा आणि आगटीही मरगळायची. नवी गाय घेण्याचं नाव कुणी काढत नव्हतं, कारण गोचीड अजून कुंपणावर बसलेलेच होते.

"आमचे बापजादे शेणाच्या ढिगाखाली पुरले गेले," दादा एकदा म्हणाला. "मला पुरायला तरी चार पाट्या मागं ठेवा."

"बाबा, तुम्हाला सिमेंटखाली पुरू, एकदम पक्कं," मुजुनी हसत म्हणाला.

"सिमेंटखाली तू शेण पुरलंयस. मलाही त्यातच ढकल. दोन वेळचा घेवडा शिजेल."

मुजुनीला पुढं हसू आलं नाही.

त्यानंतर दादाची लघवी अडली. मुजुनीनं त्याला म्बारारा शहरातल्या दवाखान्यात नेलं, आणि सोबत राहिले मी, कारण सुनेनं सासऱ्याची सेवा दवाखान्यात करायची म्हणजे दोघंही लाजेनंच मेली असती. निघण्याआधी दादानं आगटीवर वाळल्या शेणाचा ढीग रचला, वरून राख दाबली, आणि मुजुनीला म्हणाला, "रोज एक पाटी."

"हो बाबा."

"हो म्हणजे काय?"

"म्हणजे रोज एक पाटी, बाबा. गाडीत बसा आता."

मुजुनी काही खोटारडा नाही. पण तो दिवसभर रस्त्यावर. दूध पोचव, औषध आण, आमचं जेवण आण, परत धारेला पोच. पाटी राहिली सुनेच्या हातात. तिनं ढिगाकडे बघितलं, तो चांगला छातीएवढा दिसला, आणि तिनं पाटी टाकीत ओतली. कोणत्याही शहाण्या बाईनं हेच केलं असतं. मग गारा पडल्या, ढीग आतपर्यंत भिजला, आणि धूर कधी थांबला हे तिला कळलंही नाही. कळलं असतं तरी तिच्या माहेरी शेणाची आग विझली तर विझली, उद्या परत लावतात.

आम्ही परत आलो तेव्हा दादा पुढं, चालकाशेजारी बसला होता. खालच्या वळणावरून आमचं अंगण दिसतं. तिथं तो पुढं वाकला आणि काचेतून बघत राहिला. मी मागून म्हटलं, "काय रे दादा, दुखतंय का?"

तो मागं न वळता म्हणाला, "केन्यांगी, मी दवाखान्यात मेलो का ग?"

चालक हसला, त्याला वाटलं म्हातारा गंमत करतोय. मलाही वाटून घ्यायचं होतं. पण अंगणात काळ्या चिखलाचा एक गोल पडला होता आणि दोन्ही गाई त्याच्याकडे तोंड करून उभ्या होत्या.

तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं, मीही ओरडले असते आणि प्रकरण मिटलं असतं. त्यानं आपली गुराखी-काठी मुजुनीच्या दाराला टेकवून ठेवली. आगटीजवळचं त्याचं स्टूल होतं, त्यावर तो बसला नाही. खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडला. मी दूध घेऊन गेले, आगटीतल्या निखाऱ्यानं धुरी दिलेल्या भांड्यात नाही, साध्याच भांड्यात, कारण निखारे आणायचे कुठून.

"मेलेल्याला दूध पाजतात का?" तो म्हणाला.

"डॉक्टरनं सांगितलंय तू ठणठणीत आहेस."

"डॉक्टरनं आगटी बघितली होती का?"

"मग ऊठ आणि तूच पेटव परत. दहा पावलांवर तर आहे."

"बगळे, तू काकांच्या वेळी होतीस ना? काका उठून आले होते का पेटवायला?" एवढं बोलून तो थकला. मग समजूत घातल्यासारखा म्हणाला, "मी तुझ्यावर रागावलो नाही. तिच्यावरही नाही. पण जे झालं ते झालं."

भिंतीपलीकडे सून रडत होती. "आत्या, त्यांना सांगा, मला माहीत नव्हतं हो."

"त्याला ऐकू येतंय," मी म्हणाले.

पाणी तेवढं तो घ्यायचा, तेही मी फार शिव्या घातल्या तर. मुजुनीनं धर्मगुरूंना आणलं. ते प्रार्थना करून, मटोके, म्हणजे उकडलेली हिरवी केळी, आणि शेंगदाण्याचं कालवण जेवून गेले. मुजुनीनं चेष्टा करून बघितली, रागावून बघितलं, शेवटी माझ्या अंगणात येऊन डोक्याला हात लावून बसला.

"आत्या, एका आगीसाठी माणूस असा जातो का?"

"तो आगीसाठी जात नाहीये रे. तो गेलाय, आणि तुम्ही त्याला गेल्याचं मान्य करत नाही, एवढंच त्याचं दुखणं आहे."

"मग मी करू काय?"

मला माहीत नव्हतं. मी तसंच म्हणाले, मला माहीत नाही. आता वाटतं, निदान काय करू नकोस एवढं तरी मला सुचायला हवं होतं. पण त्याच्या मनात काय येईल हे माझ्या डोक्यातही आलं नाही. आपल्या आजोबांची आगटी विझलेली त्यानं बघितली नव्हती, तेव्हा त्याचा जन्मही झाला नव्हता. आग विझली की घरधनी गेला, एवढं त्याला ठाऊक होतं. त्यातून त्यानं सरळ साधा अर्थ काढला. आग परत लावली की घरधनी परत.

दुसऱ्या दिवशी तो मोटारसायकल घेऊन एका मोठ्या कुरणवाल्याकडे गेला आणि वाळलं शेण भरलेली दोन पोती मागं बांधून आणली. लांब शिंगांच्या गाईंचं, जुन्या वासाचं. मी तेव्हा विहिरीवर होते. वर बघितलं तर दादाच्या अंगणातून धूर चढत होता, दाट, पांढरा, सरळ. मी हंडा तिथंच टाकला आणि चढण चढत सुटले. वाटेत मनात एकच. कुणी पेटवली, देवा, कुणी पेटवली?

पोचले तेव्हा मुजुनी आगटीपाशी गुडघ्यावर बसलेला, हातात शेगडीचा लायटर, तोंडावर राख आणि हसू. गाई धुरात येऊन उभ्या राहिल्या होत्या. सून दारात उभी राहून डोळे पुसत होती.

"बाबा!" मुजुनीनं हाक मारली. "बाबा, बाहेर या. बघा तरी!"

दादा भिंत धरत धरत बाहेर आला. त्यानं धूर बघितला, गाई बघितल्या. क्षणभर त्याचं तोंड असं उजळलं की मीही खुळी झाले, म्हटलं, विसरला बहुतेक, विसरू दे.

"कोणी पेटवली?" त्यानं विचारलं.

"मी!" मुजुनी म्हणाला. "माझ्या हातानं."

दादानं मान डोलवली. स्टूल मोकळं होतं. तो स्टुलाच्या बाजूनं निघून कुंपणाच्या फाटकापर्यंत गेला, बाहेर उभा राहिला, आणि वाटसरूनं विचारावं तसं विचारलं, "घरधनी, आत येऊ का?"

मुजुनी हसला. "बाबा, काय हे! या ना."

दादा आत आला आणि पाहुणे बसतात त्या बाजूला जमिनीवर बसला. मुजुनी अजून हसतच होता. मग त्यानं माझ्याकडे बघितलं आणि त्याचं हसू गेलं.

"आत्या? काय झालं?"

मी सांगितलं. सांगायला फार शब्द लागले नाहीत. "आपल्याकडे जिवंत घरधन्याची आग दुसरा कुणी पेटवत नाही रे. वारस पेटवतो. घरधनी गेल्यावर."

तो ताडकन उठला. मग धावला. गाईंच्या पाण्याची बादली उचलली आणि आगटीवर उपडी करायला वळला. "मग विझवतो! झालं? विझवतो ही! मला नको ती!"

आठवडाभर भिंतीकडे तोंड करून पडलेला म्हातारा कसा उठला ते मला माहीत नाही. दादा मुलाच्या हाताला लोंबकळला, बादली दोघांच्या अंगावर सांडली, आणि दादा ओरडला. माझ्याकडे बघून नव्हे, सुनेकडे बघून. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हापासून त्यानं तिला एकदाही हाक मारली नव्हती.

"पोरी, धर त्याला! स्वतःची आग विझवतोय तो! तुझा नवरा मारतोय तो!"

ती धावत आली आणि नवऱ्याच्या कमरेला मिठी मारली. तिघं चिखलात पडली. आगटीला एक थेंब लागला नाही.

त्या दिवसापासून दादा जेवायला लागला. माणसं म्हणाली, म्हातारा सुधारला. पण तो पाहुण्यांच्या बाजूलाच बसायचा, जेवण वाढलं की मुजुनीकडे बघून परवानगी मागायचा, आणि उरलेला सगळा वेळ मुलाची आग राखायचा. पहाटे उठून ढीग चाळायचा, पाऊस दिसला की पत्रा धरून उभा राहायचा. पोती संपल्यावर शेणाच्या वाटणीचा प्रश्न परत आला, पण भांडण झालं नाही. दोन्ही गाईंच्या पाट्या सून स्वतः उचलून आगटीपाशी नेऊन ठेवायची.

"तू मानतेस का हे?" मी तिला विचारलं.

"नाही मानत, आत्या."

"मग?"

"तुमचा भाचा रोज मोटारसायकलवर जातो," ती म्हणाली. "आग विझली आणि त्याच दिवशी काही झालं, तर मी कुणाला सांगू की मी मानत नव्हते?"

शेगडी आधी पिवळी पडली, मग नुसती फुसफुसली, मग तेही बंद. मळीच्या तोंडाशी गवत उगवलं. तिनं मागच्या भिंतीला तीन दगड मांडले, निलगिरीच्या फांद्या आणल्या, आणि खोकला परत आला. आता ती वाक्य अर्ध्यात सोडते आणि आपण ते मनात पुरं करायचं असतं. सासरा तिच्याशी थेट बोलायचा, ती सासऱ्याशी थेट बोलायची, मधे मी नको. मेलेल्या माणसाला रीतभात कशाला, असं तो म्हणायचा. एवढं एकच सुख त्या घरात आलं आणि तेही असं.

कोरड्या दिवसांत दादा गेला. आगटीपाशीच, हातात शेणाचा तुकडा, टाकायचा राहिलेला. मुजुनीनं त्याला केळींच्या कडेला पुरलं. शेणाचा ढीग नव्हता, सिमेंटलाही त्यानं हात लावला नाही, नुसती माती. मग आम्ही सगळे अंगणात उभे राहिलो आणि काय करायचं ते कुणालाच कळेना. पाणी भरून ठेवलं होतं, रीत म्हणून. पण आग मुजुनीची होती, ती विझवता येत नव्हती. गाई नेहमीसारख्या धुरात उभ्या होत्या. त्यांना कसं कळवणार? मला वाटलं होतं मी रडेन, पण रडायची सुरुवात जिथून व्हायची ती जागाच नव्हती.

आमच्याकडे कुणी गेलं की रेडिओवर सांगतात, तसं दादाचंही नाव वाचलं गेलं. सुनेनं खोकत खोकत मोठ्या पातेल्यात नाचणीचा गोळा घोटला, कालवण केलं. चारच माणसं आली. ज्या माणसाच्या लग्नाला तीन टेकड्या आल्या होत्या, त्याच्या दुखवट्याला चार माणसं. मुजुनी फाटकात उभा राहून रस्त्याकडे बघत होता. मी त्याला आत ये म्हणाले, तो आला नाही. अन्न उरलं, ते आम्ही शेजारच्यांना वाटलं.

नंतर बाजारात मला रुबारेमा भेटला, समोरच्या टेकडीवरचा. दादाच्या बरोबरीचा, लहानपणी दोघं एकत्र गुरं राखायचे. पाय गेलेत, कान गेलेत, डोळे तेवढे शाबूत. मला बघून त्यानं लांबूनच काठी हलवली आणि दात नसलेलं तोंड भरून हसला.

"केन्यांगी! त्या कातुंगीला सांग, रेडिओवाल्यांनी त्याला मारला होता!"

मी हातातली पिशवी खाली ठेवली.

"माणसं निघाली होती ग सगळी. गाडी ठरवली होती, बायका रडत होत्या. मी म्हटलं, थांबा, आधी बघू द्या. बाहेर येऊन बघितलं, तर धूर! अस्सा सरळ! म्हटलं, घरी चला रे सगळे, दुसरा कुणीतरी कातुंगी असेल, आपला जिवंत आहे. वाटेवरच्यांनाही मीच परत फिरवलं." तो खुशीत काठी आपटत होता. "सांगशील ना त्याला? हसेल तो."

"सांगते," मी म्हणाले.